चमक दिसली, पण कशाची?

अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली एक काचपट्टी आहे. तिच्यावर उंदराच्या यकृताचे, मूत्रपिंडाचे आणि जठराचे अगदी पातळ काप. त्यावर रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशींविना उरणारा द्रव, टाकलं, धुतलं. मग रुग्णाच्या अँटिबॉडीला चिकटणारी, हिरवा चमकणारा रंग जोडलेली दुसरी अँटिबॉडी टाकली, पुन्हा धुतलं. आता जिथे हिरवं दिसतंय, तिथे रुग्णाच्या रक्तातली अँटिबॉडी चिकटून बसली आहे.

पेशींची केंद्रकं उजळली, तर एएनए (केंद्रकाविरुद्धची अँटिबॉडी). जठराचा स्नायू आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती उजळल्या, तर एसएमए (स्नायूविरुद्धची). यकृताच्या पेशी आणि मूत्रपिंडातल्या नलिका उजळल्या, तर एलकेएम (यकृत-मूत्रपिंडाविरुद्धची). या साऱ्या स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या अँटिबॉडी. यकृताला सूज असताना त्या सापडल्या, की पहिला संशय येतो ऑटोइम्यून हिपॅटायटिसचा, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती यकृतावर हल्ला करते त्या आजाराचा. उपचार ठरलेला: प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड, जोडीला बहुतेकदा तसंच दुसरं औषध, अझाथायोप्रिन.

पण घाई नको. १९८९ साली हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला, त्याची तपासणी आली आणि ह्याच अँटिबॉडी त्या रुग्णांतही दिसू लागल्या. एलकेएमचा एक प्रकार, एलकेएम-१, त्याचंच बघा. ही अँटिबॉडी धरते यकृतातल्या एका एन्झाइमला, सीवायपी२डी६ ला. आपण घेतो त्यातल्या कितीतरी औषधांचं विघटन हे एन्झाइम करतं. सी विषाणूच्या प्रथिनाचे काही तुकडे त्याच्याशी मिळतेजुळते आहेत. विषाणूवर उगारलेला हात घरच्यावर पडतो तो बहुधा असा. हिपॅटायटिस डीमध्ये एलकेएम-३ हा दुसरा प्रकार सापडतो. आणि विषाणू नसलेल्या फॅटी लिव्हरमध्येही एएनए थोडीफार असते. १:४० इतकी, म्हणजे सीरम चाळीस पट पातळ केल्यावरही दिसेल इतकी, तर धडधाकट माणसातही मिळते.

म्हणून आकडा पाहायचा, आणि त्याआधी विषाणू शोधायचा. हिपॅटायटिस बी नजरेतून सुटला आणि स्टेरॉइड सुरू झालं, तर विषाणूला रान मोकळं. उलट, सीवर इंटरफेरॉन हे प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध देत असत त्या काळात, आजार मुळात ऑटोइम्यून असेल तर ते इंजेक्शन यकृताची सूज भडकवू शकत होतं. कागदावरची एक ओळ चुकीची वाचली, की भोगणार रुग्ण.

ऑटोइम्यून हिपॅटायटिस ओळखण्याच्या २००८ च्या सोप्या निकषांत गुण चार गोष्टींना आहेत: या अँटिबॉडी, रक्तातलं एकूण आयजीजी (अँटिबॉडींचा एक मोठा गट), बायोप्सी (यकृताच्या तुकड्याची तपासणी) आणि विषाणू नसणं. चमक त्यातली फक्त एक. काही रुग्णांच्या काचपट्टीवर तर काहीच उजळत नाही. बायोप्सीत मात्र अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींची गर्दी यकृताच्या पेशींत घुसलेली दिसते.