सायकॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये नेमकं चालतं काय?

नमस्कार मंडळी. मघाशी ओळख करून देताना आमच्या विभागाचे पेपर किती छापून आले, सेमिनार किती झाले, प्राध्यापकीच्या सेट-नेट परीक्षांतून कोण कोण निघालं, सगळं वाचून दाखवलंत, ऐकायला छान वाटलं, पण खरं सांगू का, ती यादी आम्ही नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, टीमसाठी केलेली आहे आणि तिच्यात सगळं आहे, फक्त विभाग नाहीय. म्हणून आज मी ठरवलंय की यादी बाजूला ठेवायची आणि आमच्याकडची पोरं आणि आम्ही मास्तर लोक दिवसभर काय करतो ते सांगायचं. आणि मला विचाराल तर आमची जी काही कमाई आहे ती बरीचशी कुठे थांबायचं हे मुलांना कळायला लागलं यातच आहे. हे नॅकच्या कुठल्या रकान्यात भरायचं ते मला अजून सापडलेलं नाही.

लग्नात, बसमध्ये, भाजी घेताना, कुठेही सायकॉलॉजी शिकवते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग आमच्या मनात काय चाललंय ओळखा बघू! आता हा विषय मुळात मन ओळखायला निघालेलाच नाही, तो मोजायला निघाला. जर्मनीत लाइपझिगला वुंट या मानसशास्त्रज्ञानं १८७९ मध्ये प्रयोगशाळा काढली, तिथे आवाज ऐकल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ जातो असली मोजमापं चालायची. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली हा विभाग सुरू झाला, नरेंद्रनाथ सेनगुप्ता हार्वर्डहून शिकून आले होते, त्यांनी तो उभा केला. आणि सांगली-साताऱ्याची कॉलेजं ज्या शिवाजी विद्यापीठाखाली येतात ते १९६२ चं. म्हणजे आपण उशिरा आलो, पण लाकडी पेटीतली उपकरणं आमच्याकडेही आहेत बरं का, स्टॉपवॉच, मेझ म्हणजे भुलभुलैया, रेघेच्या लांबीबद्दल डोळ्यांना फसवणारं मुलर-लायर, आणि सगळ्यांचं लाडकं ते मिरर ड्रॉइंग.

हे मिरर ड्रॉइंग म्हणजे कागदावर एक चांदणी छापलेली असते, हात पुठ्ठ्याआड झाकलेला, आणि तुम्ही समोरच्या आरशात बघून त्या चांदणीच्या रेघेवरून पेन्सिल फिरवायची. सोपं वाटतं ना? पालक मेळाव्याला एका रिटायर्ड गुरुजींना बसवलं, सगळा जन्म फळ्यावर सुबक अक्षर काढण्यात गेलेला माणूस, पहिल्या कोपऱ्यावर हात जो अडकला तो पुढेच जाईना, उलटाच ओढायला लागला, आणि मागे त्यांचीच नात हसतेय. चार-पाच वेळा केल्यावर जमायला लागलं, तसं सगळ्यांनाच जमतं. पण खरी गंमत पुढे आहे. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा माणूस होता, फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर नवीन काही लक्षात राहणंच बंद झालं. ब्रेंडा मिलनर या संशोधक बाईंनी त्याच्याकडून हीच चांदणी तीन दिवस काढून घेतली. दर वेळी त्याला वाटायचं की आपण हे आयुष्यात पहिल्यांदाच करतोय, हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला. म्हणजे हाताला जे आठवतं आणि तोंडाला जे आठवतं ते मेंदूत एकाच जागी साठवलेलं नाही, एवढी मोठी गोष्ट या पुठ्ठ्याच्या खेळण्यातून कळली. हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मोबाइल खाली ठेवतात.

आणि याच प्रॅक्टिकलला आमची पहिली भांडणं होतात. मुलं जर्नलमध्ये काय लिहितात, तर 'सब्जेक्टचा स्वभाव चिडका आहे व त्याच्यात आत्मविश्वास कमी आहे'. अरे बाबा, त्यानं एक चांदणी काढली, त्यावरून तू त्याचा स्वभाव कुठून काढलास? मग ते लाल पेननं खोडायचं आणि लिहून घ्यायचं, इतक्या वेळा रेघ सोडली, इतके सेकंद लागले, बास. पोरांना राग येतो, कारण विषय घेतला तो माणसं ओळखायची म्हणून, आणि आम्ही सांगतोय की जे दिसलं तेवढंच लिही. पण वर्षभर हे केलं की दुसऱ्या वर्षाला येईपर्यंत मुलगी घरी गेल्यावर चुलतीला, तुला डिप्रेशन आहे गं, असं म्हणायचं बंद करते, आणि त्याबद्दल चुलतीनं आम्हाला नारळ द्यायला हवा.

आता शाळांमधलं थोडं सांगते, कारण इथे पालक बरेच बसलेत. आमच्या टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, मुलांना फील्ड प्रोजेक्टला शाळांत पाठवतो, आणि तिथे हल्ली एक नवीन दुकान दिसतं. मशीनवर पोराची दहा बोटं लावायची, ठसे घ्यायचे, आणि तीस-चाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट हातात द्यायचा की तुमचा मुलगा इंजिनियर होईल की गायक. वर हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव टाकतात. गार्डनरनं बहुविध बुद्धिमत्तेची, म्हणजे बुद्धी एकच नसून अनेक प्रकारची असते ही, कल्पना मांडली १९८३ मध्ये, हे खरं, पण तिचा आणि बोटांच्या ठशांचा काडीचा संबंध नाही, आणि ठशांवरून बुद्धिमत्ता कळते याला शास्त्रीय आधार नाही. आमची मुलं शाळेत जाऊन हे सांगतात तेव्हा मुख्याध्यापकांचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण शिबिराचे पैसे आधीच भरलेले असतात. बुद्धिमापन करायचं तर त्याची रीत आहे, आणि त्यात आपल्या भागाला मिरवण्यासारखं काही आहे. बिने चाचणीचं भारतीय रूप व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात तयार केलं ते मराठी आणि कन्नड मुलांसाठी. म्हणजे आमच्या जत तालुक्यात एकाच वर्गात घरी कन्नड बोलणारं आणि मराठी बोलणारं पोर शेजारी शेजारी बसतं, तो विचार तेव्हा केलेला होता. अर्थात ती चाचणी आता फार जुनी झाली, पण एक मूल, एक तपासणारा, समोरासमोर बसून वेळ द्यायचा ही पद्धत जुनी झालेली नाही. आणि निकालाचा आकडा आम्ही पोराच्या देखत आईबापांना सांगत नाही, कितीही विचारा, कारण तो आकडा घरी गेला की दिवाळीपर्यंत अख्ख्या भावकीत फिरतो.

बरं, आता महापुराचं. हे जरा सविस्तर सांगते.

२०१९ चा ऑगस्ट तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. आयर्विन पुलाला पाणी किती फूट, एवढाच एक प्रश्न होता त्या दिवसांत, धोक्याची पातळी पंचेचाळीस आणि पाणी सत्तावन्नच्या वर गेलेलं. शाळा, कॉलेजं, मंगल कार्यालयं, जागा मिळेल तिथे माणसं आणून ठेवली होती. आमची मुलं म्हणाली मॅडम, आपण कौन्सेलिंग करायला जाऊया. तळमळ खरी होती, त्यात खोट काढणार नाही. पण आम्ही शिक्षक बसलो आणि आधी मुलांना दोन तास वर्गात बसवून हे सांगितलं की तिथे जाऊन कुणालाही 'काय झालं, कसं वाटलं, सगळं सांगा' असं विचारायचं नाही. मुलं हबकलीच. मग मॅडम, आम्ही जायचं कशाला?

त्याचं कारण असं. पूर्वी अशी पद्धत होती की आपत्ती झाली की लगेच माणसांना एकत्र बसवायचं आणि प्रसंग पहिल्यापासून बोलून घ्यायचा, म्हणजे मन मोकळं होतं. डिब्रीफिंग म्हणतात त्याला, ऐंशीच्या दशकात फार चाललं. ऐकायला पटतं की नाही? पण नंतर नीट तपासून बघितलं तेव्हा २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे झालेले अभ्यास एकत्र करून तपासतात त्यात, असं निघालं की एका बैठकीतल्या असल्या डिब्रीफिंगनं पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींना अपाय होण्याचीच शक्यता दिसते. म्हणून २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, त्यात तीनच कामं आहेत, बघा, ऐका, जोडून द्या. बघा म्हणजे कोण एकटं बसलंय, कुणाला औषध लागतंय, कुणाचं लेकरू हरवलंय. ऐका म्हणजे तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर गप शेजारी बसा. आणि जोडून द्या म्हणजे माणसाला त्याच्या माणसांशी, डॉक्टरशी, तलाठ्याशी, ज्याची गरज असेल त्याच्याशी गाठ घालून द्या.

मग आमच्या मुलांनी काय केलं, तर मोबाइल चार्ज करून दिले. हो, हसू नका. छावणीत चार्जिंग पॉइंट दोन आणि माणसं तीनशे-चारशे, आणि पलूस-वाळव्याकडच्या नातेवाइकांचा फोन लागला की म्हातारी माणसं ढसाढसा रडून मग दोन घास खायची. एक आजी आमच्या मुलीला म्हणाली, पोरी, माझं काय ऐकतीस, माझ्या म्हशीला वैरण कोण घालतंय तेवढं बघ की! आणि त्या पोरीनं खरोखर जाऊन जनावरांच्या छावणीत म्हैस शोधली, फोटो काढून आणला, आजीला दाखवला. माझ्या मते तिनं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं प्रॅक्टिकल तेव्हा केलं आणि त्याचे मार्क द्यायची काही सोय नव्हती. पाणी उतरल्यावर तर कामं आणखी वेगळी, रेशनकार्ड भिजलं, सातबारा मिळत नाही, पंचनाम्याला माणूस आला आणि हा घरात नव्हता, त्याचे अर्ज लिहून दे. मुलं विचारायची, यात सायकॉलॉजी कुठे आहे. अहो, घराच्या भिंतीवर चिखल पुरुषभर चढलेला असताना माणसाला झोप लागत नाही हा आजार नाही, ती साधी गोष्ट आहे, आणि घर धुवून झालं की बहुतेकांची झोप परत येते. ज्यांची महिना-दीड महिना झाला तरी येत नाही, पाऊस वाजला की जे दचकून उठतात, त्यांना सिव्हिलला मानसोपचार विभागात पोचवायचं. म्हणून पाणी उतरल्यावर दोन महिन्यांनी परत जाणं महत्त्वाचं होतं, आणि तोपर्यंत मदतीचे टेम्पो, बॅनर, फोटोवाले सगळे निघून गेलेले होते. २०२१ ला पाणी पुन्हा आलं तेव्हा नव्या बॅचला हे जुन्या मुलांनीच शिकवलं, आम्हाला फारसं बोलावं लागलं नाही.

पथनाट्याचं सांगायचं राहिलं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे सीतास्वयंवर नाटक केलं तेव्हापासून सांगलीतला प्रत्येक माणूस स्वतःला नट समजतो, त्यामुळे दहा ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला, आमच्या मुलांना पथनाट्य हवंच असतं. आणि स्क्रिप्ट आली की तीच, केस पिंजारलेला एक मुलगा, आईचा आक्रोश, शेवटी कौन्सेलर बाई येतात आणि पाच मिनिटांत सगळं बरं. आम्ही त्याला कात्री लावतो. आत्महत्येचा विषय असेल तर कशी केली हे दाखवायचं नाही, हा जगभर मान्य असलेला नियम आहे, कारण बघणाऱ्यांत कुणीतरी त्याच उंबरठ्यावर उभा असू शकतो. त्याऐवजी उपयोगाची माहिती द्या. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, त्यातल्या कलम ११५ नं आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं ठरवलं, त्याला शिक्षा नाही, सरकारनं उपचार द्यायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतल्या, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणाऱ्या ३०९ सारखं सरसकट कलमच ठेवलेलं नाही. तरी खेड्यात अजून पोलीस केस होईल या भीतीनं घरचे दवाखान्यात खोटं सांगतात. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो. एवढं जरी चौकातल्या चार माणसांच्या डोक्यात राहिलं तरी माझ्या लेखी नाटक हाउसफुल्ल.

संशोधनाचं थोडक्यात. हल्ली पेपर छापणं सोपं झालंय, पैसे भरले की आठवड्यात छापून येतो, त्याबद्दल मी जास्त बोलत नाही, बोलले तर उद्या कॉलेजात चहा मिळायचा नाही. पण एक गोष्ट सांगते. मुलांच्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर हमखास असतं की सर्वेक्षणानुसार दहा पूर्णांक सहा टक्के लोकांना मानसिक आजार आहे, म्हणून सांगली जिल्ह्यातही तेवढेच आहेत. आता तो आकडा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा, तो प्रौढांचा आहे, सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हताच! मग तो सांगलीला कसा चिकटवता? हे विचारलं की मूल पहिल्यांदा मूळ अहवाल उघडून बघतं. आमचे एक सर तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांच्या ताणावर काम करतात, त्यांनी एक छान गोष्ट शिकवली, की प्रश्नावली कधी भरून घेतली ही तारीख लिहिलीच पाहिजे, कारण ऑक्टोबर छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आहे आणि आभाळ भरून आलंय त्या दिवशीचा शेतकरी आणि बेदाणा विकून पैसे खात्यावर आले त्या दिवशीचा तोच शेतकरी, दोघांचे स्कोअर जुळणार नाहीत. परदेशातल्या मॅन्युअलमध्ये हे मिळत नाही, बांधावर गेल्याशिवाय कळत नाही.

पुढे मुलं काय करतात, हा प्रश्न येणारच. काही बँकेत, काही पोलीस भरतीत, काही शाळेत समुपदेशक, काही लग्न करून पुण्याला, काहींनी एमएनंतर पुढचं शिक्षण घेतलं. इथे एक स्पष्ट सांगते, नुसतं एमए झालं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्याला वेगळं प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. गोळ्या लिहून देणारा सायकिअॅट्रिस्ट तर डॉक्टरच असतो. तेव्हा बोर्ड बघून आत शिरण्याआधी नोंदणी नंबर विचारा, खऱ्या माणसाला त्याचा राग येत नाही.

आणि दर जूनमध्ये कुणीतरी आई येते, मॅडम, आमची मुलगी फार गप्प गप्प असते, तिला तुमचा विषय देऊ का, म्हणजे सुधारेल. त्यांना मी सांगते, मुलीला त्रास होत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, ॲडमिशन हा उपचार नाही. आणि आवडीनं घेणार असेल तर खुशाल घेऊ दे, फक्त पुढे स्टॅटिस्टिक्सचा पेपर आहे हे तिला आत्ताच सांगून ठेवा, नाहीतर सगळी मुलं मग आमच्यावर रुसून बसतात. चला, माझं झालं, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, माइक मागच्या बाजूला द्या जरा.