तांबं आतड्यात, जस्त नळीत

[दृश्य: काळोख. अतिनील दिव्याखाली अळीचं आतडं. मधला पट्टा केशरी.]

फळमाशीच्या अळीचं हे आतडं. कुठलाही रंग लावलेला नाही. मधोमध जो केशरी पट्टा दिसतोय, तिथे तांबं साठलंय.

नुसतं तांबं असं चमकत नाही. मेटॅलोथायोनीन नावाचं एक चिमुकलं प्रथिन असतं, जेमतेम 40 अमिनो आम्लांचं आणि गंधकाने भरलेलं. त्याने तांबं धरून ठेवलं की हा उजेड मिळतो. घोड्याच्या मूत्रपिंडातून हे प्रथिन पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते 1957 साली. अळीच्या आतड्यातल्या तांबं साठवणाऱ्या पेशी मात्र त्याच्याही आधी, त्याच दशकाच्या सुरुवातीला नजरेस आल्या होत्या.

[दृश्य: खाद्याचं पातेलं. निळं द्रावण ओतलं जातंय.]

अळ्यांच्या खाद्यात तांबं मिसळायचं ते असं: एक लिटर खाद्याला पाव ग्रॅम मोरचूद, म्हणजे एक मिलीमोलर. आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचं. मग खाद्य 60 अंशांपर्यंत निवलं, पण अजून थिजलं नाही, एवढ्या वेळात ओतून ढवळायचं. उशीर झाला तर निळं पाणी वरच्या थरात अडकतं. अळ्या तर पृष्ठभागापासून खोल खणत जातात, त्यामुळे एकाच बाटलीतल्या दोन अळ्यांना वेगवेगळी मात्रा मिळते. मात्रा बरीच वाढवली की अळ्या खुरटतात आणि कोषात जायला दिवस लावतात.

[दृश्य: त्याच आतड्यात, केशरी पट्ट्याच्या मागे. निळ्या पेशींची अरुंद रांग.]

तांब्याच्या पट्ट्यामागे लगेच या लोहपेशी, म्हणजे लोह साठवणाऱ्या पेशी. इथला निळा रंग मात्र आम्ही आणलेला. पेशी आहेत तशा टिकाव्यात म्हणून आतडं 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये अर्धा तास ठेवायचं, धुवायचं, डिटर्जंटने पेशींची पटलं सैल करायची. मग लोहाशी जुळून निळा रंग देणारं पोटॅशियम फेरोसायनाइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल, दोन्ही 2 टक्के, ऐन वेळी एकत्र करून घालायचं. पाऊण तासात निळाई चढते. या द्रावणात स्टीलच्या चिमट्याचं टोक बुडवू नये. आम्ल लोखंड सोडवतं आणि निळे ठिपके भलतीकडेच उमटतात.

लोह साठवणारं फेरिटीन म्हणजे 24 तुकड्यांची पोकळ गोळी. तिच्यात लोहाचे हजारो अणू मावतात. आपल्या पेशींत ती मुख्यतः पेशीद्रवात तरंगते. किड्यांत ती पेशीच्या स्रावमार्गात असते आणि तिथून रक्तातही सोडली जाते.

[दृश्य: अळी खाद्यात तोंड खुपसून. जवळून.]

अळी तांबं मिळेल तेवढं शोषत सुटत नाही. एमटीएफ-1 नावाचं एकच नियामक प्रथिन दोन्ही बाजू सांभाळतं. तांबं जास्त झालं की ते मेटॅलोथायोनीनची जनुकं चालू करतं. कमी पडलं की तांबं आत ओढणाऱ्या सीटीआर-1बी या वाहकाचं जनुक चालवतं. एकाच किल्लीने भरायचं दारही उघडतं आणि साठवायचं कपाटही.

[दृश्य: माल्पिघी नलिका. आत लाल कण. कॅमेरा हळूहळू सरकतो.]

आता जस्त. त्यासाठी आतडं सोडून या नळ्यांकडे यायचं. मार्चेल्लो माल्पिघी यांनी 1669 साली रेशमाच्या किड्यात त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या माल्पिघी नलिका. फळमाशीत त्या चार असतात. काम मूत्रपिंडाचं, आणि जस्ताची कोठारंही इथेच. डिथायझोन नावाचं रसायन घातलं की जस्ताचे कण लाल होतात. नलिका ताज्या काढलेल्या हव्यात, आणि धुण्याच्या पाण्यात ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन असता कामा नये. ते जस्त ओढून नेतं आणि नळी कोरी दिसते. पुढच्या जोडीच्या फुगीर टोकाशी पांढरी खडी दिसते, ती कॅल्शियमची. पहिल्यांदा बघणारा हमखास तिला जस्त समजतो.

हे कण ज्या यंत्रणेतून घडतात, तिच्यातूनच डोळ्यांचे रंगकणही घडतात. म्हणून डोळ्यांच्या रंगात बिघाड असलेल्या कित्येक माश्यांत जस्ताचा साठाही कमी भरतो. प्रयोगशाळेत सर्रास पाळलेल्या पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या त्यातल्याच. लाल डोळ्यांच्या माशीशी त्यांची तुलना करून जस्तावर निष्कर्ष काढला, तर तो जस्ताचा की डोळ्यांचा, कळायला मार्ग नाही.

[दृश्य: कोष. अनेक तासांचं चित्रण वेगाने. आतून पिवळा गोळा दिसू लागतो.]

कोषात अळीचं आतडं मोडीत निघतं. जुन्या पेशी सुटून आतल्या पोकळीत जमा होतात. हा पिवळा गोळा म्हणजे तेच. भोवती राखीव पेशींतून नवं आतडं उभं राहतं. माल्पिघी नलिका मात्र मोडत नाहीत, थोड्याफार बदलून प्रौढ माशीत तशाच जातात. म्हणजे आतड्यातलं कोठार पाडलं जातं आणि नळीतलं कोठार सोबत नेलं जातं.

[दृश्य: कोषाबाहेर आलेली माशी. पहिली विष्ठा, गडद थेंब.]

तो गोळा असा बाहेर पडतो.

[दृश्य: खलबत्ता. वाळलेल्या अळ्यांची पूड.]

एवढं सगळं असूनही धातू मोजताना बहुतेक ठिकाणी अख्खी अळी नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि एक आकडा घेतात. आकडा खोटा नसतो, पण कुठे काय होतं ते त्यात बुडून जातं. शिवाय आतड्यात न पचलेलं खाद्यही मोजलं जातं. निदान अळ्या काही तास स्वच्छ अगारच्या जेलीवर ठेवून पोट रिकामं तरी करावं, चिमटा प्लॅस्टिकचा वापरावा, परीक्षानळ्या आम्लाने धुवाव्यात आणि आकडा कोरड्या वजनावर काढावा. लोह आणि जस्त धुळीतूनही येतं.

[दृश्य: ओढ्याचा काठ. माश्यांचा थवा, कोळ्याचं जाळं.]

दूषित पाण्यात वाढलेल्या कित्येक किड्यांचा धातू प्रौढ होताना घटतो, बराचसा कात आणि विष्ठेवाटे जातो. उरलेला कोळ्यांच्या आणि पक्ष्यांच्या पोटात.

[दृश्य: पान कापणारी मुंगी. जबड्याची दातेरी कड, अगदी जवळून.]

शेवटचं चित्र फळमाशीचं नाही. पानकापी मुंगीच्या दातांत जस्त भरतं ते ती कोषातून बाहेर पडल्यानंतर, प्रौढपणाच्या सुरुवातीला. तेवढ्या काळात दातांची कठीणता जवळजवळ तिप्पट होते. अख्खी मुंगी विरघळवली तर ही कड आकड्यात दिसणारही नाही. पुढे ती झिजते, कापायला दुप्पट वेळ लागतो, आणि मग मुंगी कापण्याचं काम सोडून पानं वाहू लागते.

[दृश्य: पानाचा तुकडा डोक्यावर घेतलेली मुंगी. आवाज बंद.]