ड तुकडीला गणित कोण शिकवतं?

जून महिना. जिल्ह्याच्या गावातली एक अनुदानित मराठी शाळा. आठवीच्या याद्या नोटीस बोर्डावर लागल्यात. सातवीच्या गुणांप्रमाणे वरची मुलं अ तुकडीत, त्यांच्यानंतरची ब मध्ये, असं करत करत ड. गर्दीतलं प्रत्येक पोर आपलं नाव आधी अ च्या यादीत शोधतं. कितव्या कागदावर बोट थांबलं, ते मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसतं.

सगळ्याच शाळा असं करत नाहीत. पण ज्यांनी अशा शाळेत वर्ष काढलंय, त्यांना पुढचं सांगायला नको.

आता वेळापत्रक बघू. गणितात ज्यांचा हातखंडा, ते सर अ तुकडीवर. स्कॉलरशिपचा जादा तास अ तुकडीला. सेमी इंग्रजीही, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बहुधा तिथेच. ड चं गणित कधी नव्या शिक्षण सेवकाकडे, तर कधी मूळ विषय इतिहास असलेल्या बाईंकडे. कुणाला निवडणुकीची ड्यूटी लागली, कुणी रजेवर गेलं, की ऑफ तास आधी कुणाच्या वाट्याला येतो, हे शिपाईमामांनाही पाठ असतं.

आणि सातवीचे ते गुण? त्यांत डोकं किती आणि घर किती? दिवाळीच्या सुमाराला आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं बीडचं पोर गावी परततं, तेव्हा वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली असते. त्याच्या शेजारच्या बाकावर क्लासची फी भरलेला मुलगा बसतो. दोघांना एकच पेपर. त्या पेपरावरून तुकडी ठरते, आणि एकदा ठरली की ड मधून ब मध्ये गेलेला विद्यार्थी विरळाच.

सेमीची गोष्ट आणखी पुढे जाते. अकरावी सायन्स आपल्याकडे बहुतेक कॉलेजांत इंग्रजीतूनच चालतं. 'प्रकाशसंश्लेषण' नीट समजलेली मुलगी तिथे पहिल्याच आठवड्यात 'फोटोसिंथेसिस' ऐकून गप्प होते. तिला धडा येत असतो, पण प्रश्न कळत नाही. आठवीच्या एका यादीनं अकरावीची शाखासुद्धा अर्धीअधिक ठरवून टाकलेली असते.

त्याआधी नववी आहेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं होतं, आणि सगळी चाळणी नववीवर आली. २०२३ मध्ये नियम बदलला, आता राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा नापास करता येतं. दहावीचा शंभर टक्के निकाल फ्लेक्सवर झळकवायचा असेल, तर काठावरच्या मुलांचं काय करायचं? पालकांना बोलावून समजावलं जातं, "सतरा नंबरचा फॉर्म भरा." हा फॉर्म खरं तर शाळा सुटलेल्यांसाठी, बाहेरून परीक्षा देता यावी म्हणून आहे. उपयोग मात्र कधीकधी शाळेत बसलेल्या मुलाला बाहेर काढायला होतो. तो नापास झाला तरी शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही.

मग गुणांवरून गट पाडणंच वाईट का? तसं सरसकट म्हणता येत नाही. पश्चिम केनियातल्या १२१ प्राथमिक शाळांमध्ये २००५ मध्ये एक प्रयोग सुरू झाला. पहिलीचे दोन वर्ग केले. निम्म्या शाळांत गुणांवरून, उरलेल्यांत कसेही. दीड वर्षानं गुणांवरून विभागलेल्या शाळा पुढे होत्या, आणि त्यांतल्या खालच्या गटातली मुलंही पुढे होती. शिक्षक त्यांच्या पातळीवर येऊन शिकवत होते, म्हणून. पण कुठला शिक्षक कुठल्या वर्गावर जाणार, हे तिथे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं होतं. चांगला मास्तर वरच्या वर्गासाठी राखून ठेवलेला नव्हता. आपल्या शाळेचं वेळापत्रक या कसोटीला लावून बघा.

काही मुख्याध्यापक वेगळा मार्ग काढतात. पहिला नंबर अ मध्ये, दुसरा ब मध्ये, तिसरा क मध्ये, चौथा ड मध्ये, पाचवा पुन्हा ड मध्ये, आणि तिथून उलटं वर. वाचन किंवा गणिताच्या एका तासापुरते गट करायचे आणि चाचणी झाली की बदलायचे.

अशी मिसळलेली यादी लागली की दुसऱ्या दिवशी केबिनबाहेर पालक उभे असतात. "आमच्या मुलाला त्या मुलांबरोबर का बसवलं?" रांगेत येतात ते बहुतेक पहिल्या दहा नंबरांचे. शेवटच्या दहांचे आईवडील रोजावर गेलेले असतात. आणि मुख्याध्यापकांना पुढच्या वर्षी पटसंख्या टिकवायची असते.