टाकीतला भोवरा

श्रोतेहो, नमस्कार. घरात जेलीफिश पाळायची तर टाकी कशी लावायची, हा आजचा विषय. तीन गोष्टी आधीच सांगून ठेवते. गोल टाकी, संथ फिरतं पाणी आणि बुडबुडा नाही. पुन्हा म्हणते: गोल टाकी, संथ फिरतं पाणी, बुडबुडा नाही.

मी रत्नागिरीत ३१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. फळ्यावर ऑरेलिया या जेलीफिशची आकृती किती वेळा काढली त्याला गणती नाही. पण जिवंत ऑरेलिया निवांत बघितली ती निवृत्तीनंतर, कॅलिफोर्नियात, सॅन होजेला लेकीच्या घरी. आपल्याकडे समुद्र हाकेच्या अंतरावर, आणि मुलं आकृतीला नावं देऊन पास होतात! हे मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. ओहोटीच्या वेळी तासभर किनाऱ्यावर न्या मुलांना. असो.

लेकीच्या घरून मॉन्टेरेचं मत्स्यालय दीड तासावर. सार्डिन माशांच्या जुन्या कारखान्याच्या जागी १९८४ साली ते सुरू झालं. तिथल्या जेलीफिश बघून माझ्या नातवाने हट्ट धरला आणि घरात पाच ऑरेलिया आल्या. तिकडे त्यांना मून जेली म्हणतात.

ऑक्टोबरातली गोष्ट. त्या दिवसांत तिकडे कोरडा वारा सुटतो, तारांमुळे वणवा पेटू नये म्हणून कधी कधी वीज बंद ठेवतात. तशी ती रात्री नऊला गेली. पंप थांबला. बघता बघता पाचही जणी तळाशी बसल्या, ओले रुमाल टाकावेत तशा. नातू रडकुंडीला आला. मी म्हटलं, बाळा, माझ्या बॅगेतून लाकडी डाव आण. बासुंदीसाठी इथून कोरा डाव नेला होता, अजून वापरला नव्हता. साबण लावू दिला नाही, नुसत्या पाण्याने धुतला.

आणि मग आम्ही ढवळायला बसलो. ताक घुसळतो तसं नव्हे हं, बासुंदी ढवळतो तसं. संथ, कडेकडेने, एकाच दिशेने. डाव पाण्याबाहेर काढायचा नाही, कारण काढून पुन्हा घातला की हवा आत जाते. थोडा वेळ मी, थोडा वेळ तो, मध्ये जरा विसावा. पहिली जेली तळावरून उचलली गेली तेव्हा त्याने माझा दंड इतका घट्ट धरला!

मग त्याने बॅटरीचा झोत टाकला. काचेसारखी छत्री, आणि मधोमध घोड्याच्या नालेसारखे चार फिकट आकार. विचारतो, "आजी, हिला हृदय नाही, मेंदू नाही, मग ही धडधडते कशाने?" मी सांगितलं, छत्रीच्या कडेला आठ खाचा शोध. त्या प्रत्येक खाचेत मज्जातंतूंचं बारीकसं केंद्र असतं, तिथून इशारा सुटतो आणि छत्री आकसते. पोरगा मोजत बसला. सहा सापडल्या, सात सापडल्या, आठवी सापडायला अर्धा तास लागला. ३१ वर्षांत इतका चांगला तास मी कधी घेतला नव्हता.

पहाटे चारला फ्रिज घुमला. पंप सुरू होताना दोन-तीन बुडबुडे टाकीत आले. एक बुडबुडा एकीच्या छत्रीखाली अडकला, आणि काही दिवसांत तिथे भोक पडलं. आम्ही रात्रभर जपलं आणि एका बुडबुड्याने घात केला. म्हणून सांगते, बुडबुडा नाही.

आता बाकीचं भरभर. जेलीफिशच्या अंगात जवळजवळ ९५ टक्के पाणी. चौकोनी टाकीत ती कोपऱ्यात अडकते, साध्या फिल्टरच्या तोंडाशी ओढली जाऊन फाटते. यावर व्हुल्फ ग्रेव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये गोल फिरत्या पाण्याच्या टाकीचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिला क्रायझेल म्हणतात. क्रायझेल म्हणजे आपला भोवरा. आत दगड नको, शिंपले नकोत, सोबतीला मासेही नकोत. आणि वाढदिवसाला मुलांच्या हातात काचेच्या वाडग्यातला गोल्डफिश देऊ नका. त्या जिवाचे हाल होतात.

पाणी शुद्ध केलेलं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ. मत्स्यपालनाचं मीठ, स्वयंपाकाचं नव्हे. टाकी भरली की लगेच जेली सोडू नका. अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. खायला आर्टेमियाची, म्हणजे कोळंबीसारख्या एका बारीक जिवाची, नुकती फुटलेली पिल्लं. त्यांची अंडी खाऱ्या पाण्यात घातली की साधारण दिवसभरात फुटतात. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं.

आपल्याकडची अडचण उष्म्याची. मून जेलीला २४ अंशांच्या वर पाणी सोसत नाही, म्हणजे रत्नागिरीत पाणी गार ठेवणारं यंत्र हवंच, आणि वीज गेली तर बॅटरीवरचा पंप. तो परवडत नसेल तर टाकी घेऊ नका. झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रात मत्स्यालय आहे, आधी मुलांना तिथे न्या.

किनाऱ्यावरून मात्र काही उचलून आणू नका. पावसाळ्यात वाळूवर निळे फुगे येतात, ते ब्लू बॉटल. ती खरी जेलीफिश नव्हे, आणि मेल्यावरही तिचे धागे डंख करतात. मुलांना हात लावू देऊ नका.

वेळ झाली. गोल टाकी, संथ फिरतं पाणी, बुडबुडा नाही. नमस्कार.