कवड्या, काथ्या आणि शिवलेली जहाजं : पोर्तुगीजांपूर्वीचं मालदीव

(दृश्य: आकाशातून दिसणारी प्रवाळाची कडी. आत फिकट हिरवं पाणी, बाहेर गडद निळं.)

मालदीवची बेटं उत्तर-दक्षिण साडेआठशे किलोमीटरहून जास्त अंतरात पसरली आहेत. बेटं बाराशेच्या आसपास, पण बहुतेक जमीन समुद्रापासून दोन मीटरही वर नाही. इथं भातशेती नाही, लोखंड नाही, सागाचं जंगल नाही. तांदूळ आणायचा तर बंगाल नाहीतर मलबार गाठायचा, आणि मोबदल्यात तिथं खपेल असा माल न्यायचा.

हा माल मुख्यतः तीन प्रकारचा होता: कवड्या, काथ्या आणि सुकवलेला कुपा मासा. तिन्ही वस्तू जहाजाच्याही उपयोगाच्या, आणि त्यावरच या बेटांचा व्यापार शतकानुशतकं तगला.

(दृश्य: गुडघाभर पाण्यात पसरलेल्या नारळाच्या झावळ्या.)

आधी कवडी. पैसा म्हणून चालायची ती लहान, पिवळसर पांढरी जात उथळ पाण्यात प्रवाळाला चिकटून राहते. अरब लेखकांनी नोंदवलेली रीत अशी: नारळाच्या झावळ्या पाण्यात टाकायच्या, कवड्या त्यांवर चढतात, मग झावळी ओढून किनाऱ्यावर झटकायची. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचं पाणी दूरवर ओसरतं, तेव्हा बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्या हातानंही वेचत.

कवडी जिवंत असतानाच पकडावी लागते. मेलेली कवडी लाटांबरोबर वाळूत घासली जाते, तिची चकाकी जाते आणि तिला कोणी विचारत नाही. पकडलेल्या कवड्या किनाऱ्यावरच्या खड्ड्यात पुरायच्या. आतलं मांस कुजून गेलं की काढून धुवायच्या. घाई केली तर उरलेलं मांस तळखणात कुजतं, आणि त्या जहाजावरच्या खलाशांची कीव करावी तेवढी थोडी.

मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३-४४ मध्ये मालदीवच्या राजधानीत, माले इथं, काझी होता. त्या वेळी गादीवर खदीजा नावाची राणी होती. त्यानं मोजमापं लिहून ठेवली आहेत: शंभराला एक नाव, सातशेला दुसरं, बारा हजारांना तिसरं, लाखाला चौथं. एका कवडीचं वजन एक ते सव्वा ग्रॅम धरलं तर बारा हजारांचं गाठोडं बारा ते पंधरा किलोचं, म्हणजे एका माणसाला सहज उचलता येईल असं.

भावही त्यानं दिला आहे. मालदीवमध्ये सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या, कधी भाव पडला की दहा लाख. पुढं आफ्रिकेत, मालीच्या राज्यात, त्यानं हीच कवडी दिनाराला ११५० या दरानं चालताना पाहिली. दिनार सारखाच धरला, तर जवळपास साडेतीनशे पट. अर्थात मधला प्रवास, दलाली आणि वाळवंटातले उंट हे सगळं त्यातच आलं.

रिकामं जहाज समुद्रात डोलतं, उलटतं. म्हणून तळात नीरम भरावं लागतं: वाळू किंवा दगड. येमेनचे व्यापारी वाळूऐवजी कवड्या भरत, असं इब्न बतूता सांगतो. वाळू बंदरात फेकून द्यावी लागते, कवडी विकता येते. बंगालमध्ये तर ती नाणं म्हणूनच चाले, आणि तिच्या बदल्यात तांदूळ मिळे.

(दृश्य: सोडणं ठोकणारे हात. जवळून: सुंभ वळणारी बोटं.)

आता काथ्या. नारळाचं सोडण किनाऱ्यालगतच्या खड्ड्यात, खाऱ्या पाण्यात भिजत घालतात. वर दगड ठेवायचे, नाहीतर सोडण तरंगतं आणि वरची बाजू कोरडी राहते. मऊ झालं की लाकडी मोगरीनं ठोकायचं. धागा सुटा होतो, मग बायका त्याचा सुंभ वळतात. कमी भिजलं तर धागा तुटक निघतो.

या सुंभानं जहाज शिवलं जाई. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं आणि पंधराव्या शतकात चिनी नौसेनापती झेंग ह याच्या ताफ्यातल्या मा हुआननं ही पद्धत नोंदवली आहे. शिवलेल्या जहाजाची साधारण पद्धत अशी. फळ्या कडेला कड लावून ठेवायच्या. दोन्ही कडांवर समोरासमोर भोकं पाडायची. सांध्यावर काथ्याचा जाड पट्टा ठेवून त्यावरून सुंभ आरपार ओवायचा, करकचून ओढायचा, भोकात लाकडी पाचर ठोकायची आणि सांध्यावर राळ फासायची. आधी बाहेरचं कवच उभं राहतं, आतल्या फासळ्या नंतर बसतात.

समुद्रात लोहचुंबकाचे डोंगर आहेत, ते जहाजाचे खिळे ओढून घेतात, अशी कथा मध्ययुगात फार चाले. इब्न बतूतानं दिलेलं कारण जास्त पटतं: खिळे ठोकलेलं जहाज खडकावर आदळलं की फुटतं, शिवलेलं लवतं. शिवाय लोखंड विकत आणावं लागे, सुंभ दारातच वळला जाई.

शिवणीचे तोटेही होते. सुंभ भोकापाशी घासतो, कुजतो, म्हणून ठरावीक काळानं अख्खी शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. जहाज वाळूवर बराच काळ राहिलं की फळ्या आकसतात. पाण्यात लोटल्यावर त्या फुगेपर्यंत आत पाणी येत राहतं, ते उपसायला माणूस बसवावाच लागतो.

(दृश्य: धुरावर टांगलेल्या टोपल्या.)

माशाचं काम त्या मानानं सोपं. कुपा मासा साफ करून त्याचे चार लांब तुकडे करायचे, थोडे उकळायचे, झावळीच्या टोपलीत घालून धुरावर टांगायचे. लाकडासारखा कडक झालेला तुकडा लांबच्या प्रवासात टिकतो. हा मासा भारत, चीन आणि येमेनपर्यंत जाई.

वाटाड्याशिवाय मात्र इथं शिरणं धोक्याचं. प्रवाळाची कडा सरळ खोल उतरते. बुडीद सोडून खोली मोजावी, तर तळ लागेपर्यंत जहाज खडकावर आलेलं असतं. खाड्यांमधला प्रवाह नैर्ऋत्य मोसमात पूर्वेकडे ओढतो, ईशान्य मोसमात पश्चिमेकडे. वाट चुकलेलं जहाज वाऱ्यानं कोरोमंडल नाहीतर सिलोनच्या किनाऱ्याला लागे.

अकराव्या शतकात राजराज चोळानं ही बेटं जिंकल्याचा दावा शिलालेखात केला. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. त्यांच्या जहाजांना दोरखंड हवे होते, त्यामुळं काथ्यावर त्यांची नजर होतीच. १५५८ मध्ये त्यांनी माले घेतलं, १५७३ मध्ये मालदीवच्याच मुहम्मद थकुरुफानूनं त्यांना हुसकून लावलं.

१६०२ मध्ये एक फ्रेंच जहाज मालदीवमधल्या गोइधूच्या प्रवाळावर आदळून फुटलं. त्यातून वाचलेला फ्रान्स्वा पिरार काही वर्षं मालेत अडकला. एका वर्षी तीस-चाळीस जहाजं निव्वळ कवड्यांनी भरून बंगालला जाताना आपण पाहिली, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.