भात का पडते? : एका प्रकल्पाची निवड

(दृश्य : कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील भातशेती. संततधार पाऊस. शाळेच्या व्हरांड्यात उघड्या ठेवलेल्या छत्र्या.)

खानापूरहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आसपासच्या एका गावातील ही मराठी माध्यमाची शाळा. ऑगस्ट महिना आहे, आणि विज्ञान प्रदर्शनासाठी जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांचा मेळ घालणारा प्रकल्प आठवीच्या वर्गाला निवडायचा आहे. सुरुवातीला ज्या कल्पना पुढे आल्या, त्या कोणत्याही वर्गात येतात त्याच होत्या : थर्माकोलचे हृदय आणि त्यातून लाल पाणी फिरवणारा छोटा पंप, किंवा फुग्यांची फुप्फुसे. अशा प्रतिकृती दिसायला देखण्या असतात, परंतु त्यांचे उत्तर पाठ्यपुस्तकात आधीच छापलेले असते आणि करणाऱ्याला शोधण्यासारखे काही उरत नाही. म्हणून विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर एकच अट लिहिली : प्रश्न सजीवाविषयी हवा, आणि त्याचे उत्तर मोजपट्टी, तराजू किंवा घड्याळ यांतून निघायला हवे.

एका मुलाने वटवाघळांचा विषय सुचवला. त्यामागे कारणही होते, कारण याच तालुक्यातील भीमगड अभयारण्याच्या परिसरात बारापेडे गुहा आहेत आणि 1913 साली शास्त्रीय वर्णन झालेले रॉटनचे वटवाघूळ पुढे कित्येक दशके केवळ तेथूनच ज्ञात होते. आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंधारात वाट काढणारा प्राणी म्हणजे दोन्ही शास्त्रांचा सुंदर संगमच. पण गुहेतील प्राण्यांना त्रास देणे योग्य नाही, अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि तो आवाज नोंदवून तपासण्याचे साधन शाळेत नाही. विषय उत्तम असला तरी आठवीच्या हातात मावणारा नव्हता, आणि तो सोडताना मुलाचा चेहरा उतरला, हे आम्ही कॅमेऱ्यात टिपले आहे.

दुसऱ्या गटाने 25 सेंटिमीटर लांबीचा दोलक केला. त्याचे एक पूर्ण आंदोलन जवळपास एका सेकंदाचे असते, त्यामुळे घड्याळाशिवाय नाडी मोजता येते. तिसऱ्या गटाला टॉमस अँड्र्यू नाइट यांचा प्रयोग आवडला. त्यांनी 1806 साली इंग्लंडमध्ये पाण्याच्या जोरावर फिरणाऱ्या चाकावर बिया रुजवल्या, तेव्हा मुळे चाकाच्या बाहेरच्या दिशेने आणि कोंब मध्याच्या दिशेने वाढले. मुळाला खालची दिशा कळते ती गुरुत्वाकर्षणाच्या ओढीमुळे, हे त्यातून दिसले. हे दोन्ही प्रकल्प चांगले आहेत आणि ते चालू राहतील. आम्ही मात्र चौथ्या गटासोबत थांबलो.

(दृश्य : मागील सुगीतील एक छायाचित्र. आडवे झालेले भात, त्यावर पाणी.)

या गटातील एका मुलीने विचारले, ‘बाई, परतीच्या पावसात आमचं बासमती आडवं होतं आणि बांधापलीकडचं इंद्रायणी उभं राहतं, ते का? आज्जा म्हणतो, उंच वाढलं की पडणारच.’ आज्जाचे म्हणणे खरे आहे, पण त्यातला ‘का’ अजून सुटलेला नाही.

ताठ उभ्या काडीचे वजन थेट बुडख्यावर येते, त्यामुळे तिला वळवणारी शक्ती फारशी नसते. वाऱ्याने काडी थोडी कलली की भिजून जड झालेली लोंबी बुडख्यापासून बाजूला सरकते, आणि वजन गुणिले हे अंतर एवढा वळवणारा परिणाम खालच्या पेरांवर होऊ लागतो. काडी जितकी झुकते तितके अंतर वाढते, आणि अंतर वाढले की ती आणखी झुकते. उंच काडीत हे अंतर मुळातच जास्त असते. म्हणूनच फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने उंच पेटा आणि बुटके डी-जिओ-वू-जेन या भाताच्या जातींच्या संकरातून काढलेला आयआर-8 हा बुटका वाण 1966 साली महत्त्वाचा ठरला. आपले इंद्रायणी हे आंबेमोहर-157 आणि याच आयआर-8 यांच्या संकरातून आलेले आहे.

पण केवळ उंचीवर सगळे ठरत नाही. भाताचे कांडे पोकळ नळीसारखे असते. नळीचा व्यास आणि भिंतीची जाडी दोन्ही दुप्पट झाली, तर वाकण्याला तिचा विरोध 16 पट होतो. त्यामुळे जाडीतील थोडासा फरकही पुष्कळ काही ठरवतो. त्यात युरियाचा मारा जास्त झाला तर खालची पेरे लांबट आणि कमजोर होतात, हे जीवशास्त्राचे अंग. ‘भात पडले’ या एका शब्दप्रयोगात दोन घटनाही दडलेल्या असतात : कधी काडीच खालच्या पेरात वाकते, तर कधी काडी शाबूत राहून आख्खा चूड (एकत्र लावलेल्या रोपांचा झुबका) चिखलातून मुळांसकट कलतो. दुसऱ्या घटनेत काडीला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून बाईंनी मुलांना पहिल्यांदा शिवारात पाठवले आणि काय पडते ते डोळ्यांनी पाहायला सांगितले.

(दृश्य : ऑक्टोबर. पोसवून पिवळसर झालेले भात.)

या गटाने काडीचा प्रश्न निवडला. दोन लाकडी ठोकळ्यांवर खालच्या पेराचा तुकडा आडवा ठेवायचा, मधोमध दोऱ्याने पत्र्याची वाटी टांगायची आणि चमच्याने वाळू घालत राहायचे. तुकडा मोडला की वाटी आणि वाळू एकत्र वजन करायची, आणि मोडण्याआधी व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या उपकरणाने) व्यास मोजून ठेवायचा. ठोकळ्यांमधील अंतर दोन्ही जातींसाठी तेच, प्रत्येक जातीच्या 20 काड्या, आणि दोन्ही काड्या शक्य तेवढ्या जवळजवळच्या शेतांतून. नोंदवहीतले रकाने मराठीत लिहावेत की कन्नडमध्ये, यावर थोडा वाद झाला, कारण तालुक्याला परीक्षक कोणत्या भाषेत विचारतील हे आधी कळत नाही. शेवटी शीर्षके दोन्ही भाषांत लिहिली गेली.

पहिल्या दिवशी काड्या सायंकाळी कापून दुसऱ्या सकाळी शाळेत आणल्या होत्या. त्या वाळूचा भार घेताच कडकन तडकल्या, तर एक ताजी काडी सावकाश वाकत गेली. रात्रभरात पेशींतले पाणी कमी झाले होते, म्हणजे ही मोजणी उभ्या पिकाविषयी काहीच सांगत नव्हती. तो सगळा तक्ता मुलांनी खोडला. त्यानंतरच्या शनिवारी शाळेतले बाक, ठोकळे, वाळूची पिशवी आणि किराणा दुकानातून मागून आणलेला वजनकाटा हे सगळे बांधावर पोहोचले होते, आणि ती मुलगी विळा घेऊन आज्जाच्या शेतात पहिली काडी बुडख्यालगत कापत होती.