सदाफुली आणि जमैकाहून आलेलं पाकीट

नमस्कार मंडळी! आज सदाफुली. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या भिंतीला भेग पडली की पहिली हीच उगवते, पाणी घाला नाहीतर विसरा, बारा महिने फुलं, आणि मूळची कुठली तर मादागास्करची, आफ्रिकेजवळच्या त्या मोठ्ठ्या बेटाची.

आता किस्सा ऐका. १९२१, टोरांटो. डॉक्टर बँटिंग इन्शुलिनच्या मागे लागलेले, हाताखाली स्टुडंट दोन, चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल, आधी कोण जाणार म्हणून चक्क नाणं उडवलं! बेस्ट जिंकला, तोच पुढेही टिकला, इन्शुलिनबरोबर त्याचं नाव जगभर झालं आणि क्लार्क राहिला बाजूला. तीसेक वर्षांनी ह्याच क्लार्कला जमैकाहून एका डॉक्टरने पाकीट पाठवलं, आत सदाफुलीची पानं. तिकडे लोक डायबेटिसवर त्याचा चहा करून प्यायचे. क्लार्कने ती दिली भाऊ रॉबर्टला, तो संशोधक. त्याने उंदरांना अर्क पाजला, शुगर जैसे थे. मग इंजेक्शन दिलं, तर उंदीरच मेले! दुसऱ्या कोणी फाइल बंद केली असती. ह्याने बघितलं की मेलेत इन्फेक्शनने, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड उतरल्यात. अरे, मग ब्लड कॅन्सरमध्ये तर ह्याच पेशी बेसुमार वाढतात! चार्ल्स बीअर ह्या केमिस्टने त्यातलं व्हिन्ब्लास्टिन नावाचं औषध वेगळं काढलं, पाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन आलं, आजही लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे ब्लड कॅन्सरच्याच एका प्रकारात, देतात. पेशीचं विभाजनच थांबवतं ते, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

म्हणजे बघा, शोधायला गेले शुगरचं औषध, सापडलं कॅन्सरचं. शुगरचं नाही, कॅन्सरचं! आणि आपल्याकडे सकाळी टेकडीवरून येताना कंपाउंडमधली फुलं तोडून चावणारे काका आहेतच, व्हॉट्सॲपवर आलंय म्हणे. अहो, विषारी आहे ती, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. तेव्हा फुलं चावू नका, पानांचा काढा नको, आणि शुगरची गोळी तर अजिबात बंद करू नका.

बाकी हल्ली सोसायट्या सगळीकडे पेव्हर ब्लॉक ठोकतात आणि मग नर्सरीतून महागड्या कुंड्या आणतात, ते मला कळत नाही. सदाफुलीला शेंगा आल्यात का बघा, वाळून तपकिरी झाल्या की फुटायच्या आत काढा, काळं बारीक बी निघेल, कुंडीत भुरभुरवा. पाणी बेतानं, मुळाशी साचलं की कुजते. पुढच्या गुरुवारी गुलमोहर, तोही मादागास्करचाच!